पानगळीच्या रंगांची तुकडेजोड : आधी फिके-गडद, मग रंग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिनेसोटातल्या या हिवाळ्यात तुम्ही उरलेल्या कापडांतून मेपलच्या पानांच्या नक्षीचे क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडीसारखी रजई, जोडायला घेतले आहे. टोपलीत क्विल्टिंगच्या सुती कापडाचे लहानमोठे तुकडे आहेत, यजमानांच्या जुन्या चौकटीच्या फ्लॅनेल शर्टांचे कापड आहे, आईच्या सुती साड्या आहेत आणि खणाचा एक तुकडा आहे. काही ब्लॉक, म्हणजे एकेका पानाचे चौकोन, शिवून झाल्यावर दोन अडचणी पुढे आल्या: पाने पार्श्वभूमीत हरवून सगळे मातकट दिसते आणि एक ब्लॉक दुसऱ्याच्या मापाला येत नाही. शिवाय बाहेर उणे २० अंश आणि आत हीटरची कोरडी हवा असताना कापड, धागा आणि मशीन यांची काय काळजी घ्यावी, हेही तुम्ही विचारले आहे.

मापाची अडचण हिशेबाने सुटते, म्हणून तिच्याकडे नंतर येते. मातकटपणाचा विचार आधी करायला हवा, कारण तो सुटला नाही तर अचूक मापाचे ब्लॉकही तितकेच निस्तेज दिसतील.

तुम्ही निवडलेले रंग चुकलेले नाहीत. विटकरी, तांबूस, हळदी, शेंदरी, आमसुली, काथ्याचा तपकिरी हे सगळे पानगळीचेच रंग आहेत. अडचण त्यांच्या मागे लावलेल्या बदामी, गव्हाळ आणि खाकी कापडांची आहे. ही कापडे पानांपेक्षा रंगाने वेगळी असली तरी गडदपणात त्यांच्या अगदी जवळची आहेत आणि शिवाय तितकीच उबदारही आहेत. आपला डोळा आकाराची कड ओळखतो ती मुख्यतः फिके आणि गडद यांतल्या फरकावरून. तो फरक नसेल तर पानाचा आकार कितीही नेमका कापलेला असला तरी चार पावलांवरून दिसत नाही. सगळी पाने एका कापडाची आणि पार्श्वभूमी दुसऱ्या एका कापडाची असलेल्या क्विल्टमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे दोनच कापडांची तुलना असते. तुकड्यांच्या क्विल्टमध्ये पन्नास-साठ कापडे एकमेकांशेजारी येतात. तिथे रंगांना मोकळे सोडता येते, किंबहुना सोडावेच, पण फिके-गडदाची शिस्त मात्र एकाही ब्लॉकमध्ये मोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून शिवण थोडे दिवस थांबवा आणि टोपली जमिनीवर रिकामी करा. पांढरी चादर अंथरून तीन ढीग लावा: फिके, मधले आणि गडद. ढीग लावताना रंगाचा विचार करायचा नाही. फिका गुलाबी आणि फिका पोपटी एकाच ढिगात जातील. मग प्रत्येक ढिगाचा फोनने फोटो काढून त्यातला रंग काढून टाका. करड्या छटांत जो तुकडा आपल्या शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसेल तो चुकीच्या ढिगात आहे. क्विल्टिंगच्या दुकानांत याच कामासाठी लाल पारदर्शक पट्टी मिळते, पण पानगळीच्या रंगांसाठी ती वापरू नका. लाल पट्टीतून पाहिले की लाल, केशरी आणि पिवळे कापड प्रत्यक्षापेक्षा बरेच फिके भासते, आणि तुमच्या टोपलीत तर नेमके तेच रंग आहेत.

पार्श्वभूमीसाठी फक्त फिका ढीग घ्यायचा आणि त्यातूनही थंड छटा पुढे काढायच्या: मोतिया, फिका राखाडी, पारवा, अगदी पुसट निळा. ही माझी स्वतःची आवड आहे असे कोणी म्हणेल, पण तिच्यामागे कारण आहे. विटकरी रंग बदामीवर ठेवला की तो बदामीचाच गडद भाऊ वाटतो. तोच पारव्यावर ठेवला की पेटून उठतो. पानगळीत मेपल इतका लाल दिसतो याचे निम्मे श्रेय त्याच्या मागच्या निरभ्र, गार आकाशाला असते. ते आकाश क्विल्टमध्ये आणले नाही तर उरते ते केवळ तपकिरी रंगांचे गाठोडे. दहा-बारा वेगवेगळी फिकी कापडे पार्श्वभूमीत मिसळली तरी हरकत नाही, एकाच मोठ्या कापडापेक्षा ती जास्त जिवंत दिसते. फक्त त्यात ठळक छपाईचे कापड नको, कारण मोठ्या गडद फुलांचा एखादा तुकडाही पानाची कड तोडतो.

पानांच्या बाबतीत तुम्ही प्रत्येक पान एकाच कापडातून कापता आहात, तेही बदलून पाहावे. शरदात पानातले हरितद्रव्य विघटित होते तेव्हा आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि लाल रंग तर बऱ्याच झाडांत त्याच काळात, उन्हाच्या मदतीने नव्याने तयार होतो. त्यामुळे एकाच फांदीवर, कधी कधी एकाच पानावर हिरवा, पिवळा आणि लाल एकत्र दिसतात. कापडातही तेच करावे: एका पानासाठी गडदपणाने जवळची, पण रंगाने थोडी सरकत जाणारी तीन-चार कापडे घ्यावीत, जसे हळदीकडून शेंदरीकडे किंवा विटकरीकडून डाळिंबीकडे. लहान तुकडे यातच सगळ्यात चांगले खपतात.

पानांचे प्रमाणही मनाशी ठरवून घ्या. तुमच्याकडे लाल-केशरी जास्त आहे आणि हात साहजिकच तिकडे वळतो. प्रत्यक्षात तुमच्या भागातल्या पानगळीत बर्च आणि ॲस्पेनचा पिवळा फार मोठी जागा व्यापतो, टॅमरॅक या सूचिपर्णी झाडाच्या सुया सोनेरी होऊन गळतात, आणि ओक तपकिरी होतो. दर दहा पानांत चार पिवळी-हळदी, तीन तांबूस-तपकिरी, दोन लाल आणि एक मेंदीच्या हिरव्या किंवा जांभळट आमसुली रंगाचे, असे मी साधारण धरते. लाल कमी असला की तो दिसतो. तपकिरीची छटा निवडताना जानेवारीतही खिडकीबाहेर पाहावे. बऱ्याच ओकांची वाळलेली पाने हिवाळाभर फांदीवरच राहतात, आणि त्यांचा तपकिरी रंग दुकानातल्या चॉकलेटी कापडापेक्षा कितीतरी जास्त तांबूस आणि धुरकट असतो.

जे ब्लॉक शिवून झाले आहेत ते उसवू नका. पार्श्वभूमीत अर्धवट बुडालेले एखादे पान आठ-दहा ठळक पानांमध्ये आले तर ते सावलीतले पान वाटते आणि क्विल्टला खोली येते. ते ब्लॉक एकमेकांपासून दूर, शक्यतो कडेच्या बाजूला बसवा. सगळे मधोमध एकत्र आले तर मात्र तिथे धूसर डाग दिसेल.

आता मापे. मेपल पानाचा पारंपरिक ब्लॉक तीन-तीनच्या नऊ घरांचा असतो: तीन घरे पानाच्या अखंड चौकोनांची, चार घरे अर्धे पान आणि अर्धी पार्श्वभूमी अशा तिरक्या जोडाची, एक अखंड पार्श्वभूमीचे आणि एक देठाचे. प्रत्येक घर शिवल्यावर ३ इंचांचे हवे असेल तर चौकोन ३.५ इंचांचा कापायचा, कारण चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले कापड, जाते. तिरक्या जोडासाठी पानाचे दोन आणि पार्श्वभूमीचे दोन चौकोन ४ इंचांचे घ्या. पानाचा एक आणि पार्श्वभूमीचा एक असे सुलट्या बाजू आत करून ठेवा, कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा आणि रेषेवर कापा. दोन जोड्यांतून चार घरे मिळतात, ती इस्त्रीनंतर ३.५ इंचांवर छाटायची. पुस्तकी माप ३ पूर्णांक ७/८ इंच असले तरी मी ४ घ्यायला सांगते, कारण छाटायला थोडे कापड हाती राहिले की अचूकता आपोआप येते. देठासाठी पार्श्वभूमीचा ४ इंचांचा चौकोन कर्णात कापून मध्ये सव्वा इंची पट्टी जोडा आणि तोही ३.५ इंचांवर छाटा. ब्लॉक शिवून ९.५ इंचांचा होईल आणि क्विल्टमध्ये ९ इंचांचा बसेल. आडवे ६ आणि उभे ७ असे ४२ ब्लॉक जोडले की ५४ बाय ६३ इंच, म्हणजे सोफ्यावर एका माणसाला नीट पांघरता येईल एवढे क्विल्ट होते.

ब्लॉक मापाला न येण्याचे कारण बहुधा कापण्यात नसून मायेत आहे. सहा ब्लॉकांच्या एका रांगेत १८ घरे आणि त्यांच्यामध्ये १७ शिवणी येतात. टीप फक्त १/१६ इंच आत पडली तरी दोन्ही तुकड्यांचे मिळून एका शिवणीत १/८ इंच जाते आणि पूर्ण रांग दोन इंचांहून अधिक आखडते. मशीनच्या दाबपट्टीवरच्या पाव इंचाच्या खुणेवर विसंबू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर सुई केसभर उजवीकडे न्या किंवा मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टी लावून नवी खूण करा. टीप पाव इंचापेक्षा किंचित कमी मायेवरच बसेल, कारण कापड दुमडताना त्याची जाडी आणि धागा थोडी जागा खातात. टाक्याची लांबी २ मिलिमीटरच्या आसपास, सुई ८०/१२ क्रमांकाची आणि धागा ५० वजनाचा सुती, एवढे पुरेसे आहे.

फ्लॅनेल मात्र या हिशेबात वेगळे वागते. ते जाड असल्याने घडीत जास्त जाते आणि धुतल्यावर साध्या सुती कापडापेक्षा जास्त आटते. शर्ट वर्षानुवर्षे धुतले गेले असतील तर आटण्याची चिंता नाही, जाडीची राहते. फ्लॅनेल पानाच्या अखंड चौकोनांत वापरा, तिरक्या जोडांत टाळा. एका शिवणीत फ्लॅनेलवर फ्लॅनेल येऊ देऊ नका. फ्लॅनेलला नेहमी पातळ सोबती द्या. शर्टाच्या चौकटी सरळ रेषेत बसल्याच पाहिजेत असा आग्रह धरू नका, किंचित तिरप्या चौकटींनी पानाला हालचाल येते.

जाडेभरडे आणि मऊ कापड एकत्र आणण्याची चिंता तुमच्या पत्रात वारंवार दिसते, म्हणून एक उदाहरण देते. अलाबामा नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंडमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतातले झिजलेले कपडे, डेनिम आणि पोत्यांचे कापड जोडून क्विल्ट केली, कारण त्यांच्या घरांत थंडी आत शिरत असे आणि पांघरूण विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्याच परिसरात १९६६ साली फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ पासून तिने सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयची उशांची कव्हरे शिवली, आणि त्यातून उरलेले सोनेरी, ॲव्होकाडोच्या पानासारखे हिरवे, नारिंगी आणि चेरीलाल कॉर्डरॉय घराघरांतल्या क्विल्टमध्ये गेले. ते रंग स्त्रियांनी निवडलेले नव्हते, हाती आलेले होते. तरीही त्यातली कामे पाहताना पानगळ आठवल्याशिवाय राहत नाही. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या क्विल्टांचे प्रदर्शन झाले. त्यांची छायाचित्रे अवश्य पाहा. कापड जाड आहे, रेषा वाकलेल्या आहेत, पण फिक्याशेजारी गडद ठेवण्याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी विलक्षण ठाम आहे.

साड्यांविषयी थोडी सावधगिरी हवी. जुनी सुती साडी उजेडासमोर धरा. जिथे विरलेली असेल तो भाग सोडून द्या. चांगल्या भागालाही मागून अगदी पातळ चिकट अस्तर लावावे किंवा दाट खळ करून इस्त्री करावी, नाहीतर ती क्विल्टिंगच्या घट्ट कापडाशेजारी ताणली जाते. तुमच्या पांढरट साडीची जागा पार्श्वभूमीत आहे. तिचा मऊ, जरासा पिवळसर झालेला पोत विकतच्या कोऱ्या पांढऱ्या कापडात येत नाही. खण कापला की भराभर सुटतो, म्हणून कापण्यापूर्वीच त्याला मागून अस्तर चिकटवा, इस्त्री मंद ठेवा आणि त्याचे छोटे चौकोन मोजक्या पानांत वापरा. त्याची चमक थोडीच असेल तर शोभते.

रंग सुटण्याची परीक्षा प्रत्येक गडद लाल, जांभळ्या आणि हातमागाच्या कापडाची घ्यायची. छोटा तुकडा गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग पांढऱ्या सुती कापडावर ओला पसरून वाळू द्या. डाग पडला तर ते कापड गरम पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही रंग येतच राहिला तर ते या क्विल्टमध्ये नको, कारण फिक्या पार्श्वभूमीवर तो उतरणारच. आपल्याकडे मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करण्याची पद्धत आहे, पण आधीच रंगवलेल्या सुती कापडावरचा सुटा रंग त्याने पक्का होत नाही. अगदी लहान तुकडे मशीनमध्ये धुऊ नयेत, त्यांच्या कडांचे धागे निघून हातात काहीच उरत नाही; गरज असेल तर जाळीच्या पिशवीत घालून हाताने खंगाळावेत.

आता थंडीचे. मिनिआपोलिसच्या परिसरात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो, आणि शिवण बहुतेकांची संध्याकाळी होते. पिवळ्या दिव्याखाली विटकरी, तपकिरी आणि डाळिंबी एकसारखे भासतात आणि फिका राखाडी बदामी दिसतो. तुमच्या मातकट ब्लॉकांचा निम्मा निर्णय रात्री झाला असावा, असा माझा अंदाज आहे. कापडांची निवड दिवसा खिडकीजवळ करा, पुढच्या चार-पाच ब्लॉकांचे तुकडे जोडीने टाचणीत लावून ठेवा आणि रात्री फक्त शिवा. रात्रीच निवड करावी लागत असेल तर ५००० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा दिवा घ्या.

हीटरच्या घरात आर्द्रता सहज २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सुती धागा आणि कापड स्वतःत ओलावा धरून असतात, तो गेला की कापड ताठर होते, घडी नीट बसत नाही, धागा लवकर तुटतो आणि कातरण अंगाला, मशीनला चिकटत राहते. धुतलेले कपडे शिवणाच्या खोलीतच स्टँडवर वाळत घातले तरी बराच फरक पडतो. आर्द्रता ३५ ते ४० टक्के राहिली की पुरे. धाग्याची रिळे हीटरच्या झोतासमोर ठेवू नका. इस्त्री करताना वाफेचा जोरदार फवारा तिरक्या जोडांवर नको, कारण उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कड लगेच ताणली जाते. आधी पाण्याचा बारीक फवारा, मग कोरडी इस्त्री वरून दाबून उचलायची, घासायची नाही. लगेच वर जड, पॉलिश नसलेला लाकडी ठोकळा ठेवून शिवण गार होऊ द्या. लाकूड वाफ शोषून घेते आणि शिवण अशी सपाट बसते की कोरड्या हवेतही ती पुन्हा उठत नाही. माया पानाच्या, म्हणजे गडद बाजूला वळवा. जिथे दोन शिवणी समोरासमोर येतात तिथे त्या परस्परविरुद्ध दिशेला वळवल्या की कोपरे बोटांनाच कळतील असे एकमेकांत अडकतात.

मशीन मैत्रिणीकडे नेऊन शिवत असाल तर ते रात्रभर गाडीत ठेवू नका. गारठलेले मशीन उबदार खोलीत उघडले की धातूवर दव धरते आणि आतले तेलही घट्ट झालेले असते. बंद पेटीतच काही तास राहू द्या आणि मगच सुरू करा. रोटरी कटरखाली, म्हणजे गोल पात्याच्या कापणीखाली, ठेवायची हिरवी चटईही थंडीत ठिसूळ होते, गारठलेली असताना तिची गुंडाळी केली तर ती तडकते. बोटे गार पडलेली असताना कटर हातात घेऊ नये, हे मी शिकवताना प्रत्येक वेळी सांगते, कारण पकड सैल होते आणि पाते फार धारदार असते. हिवाळ्यात भेगाळलेली बोटे कापडाचे धागे ओढतात, तेव्हा मलम रात्री झोपताना लावावे. काम करताना लावले तर फिक्या पार्श्वभूमीवर तेलकट डाग उमटतात.

ब्लॉक जोडण्यापूर्वी भिंतीवर एक फ्लॅनेलची चादर टांगा. सुती ब्लॉक तिला टाचणीशिवाय चिकटतात, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहता येते. पानांची टोके वेगवेगळ्या दिशांना फिरवून मांडा. दोन लाल पाने शेजारी आली तर एक हलवा. मांडणी काही दिवस तशीच राहू द्या, येताजाता नजर पडत राहिली की न बसणारा ब्लॉक स्वतःहून खटकू लागतो.

आतल्या थरासाठी तुमच्या हवेत मी लोकरीचे बॅटिंग, म्हणजे आत भरायचा मऊ थर, घेईन, कारण ते वजनाला हलके आणि उबेला उत्तम असते. तुम्हाला आजीच्या गोधडीसारखा हाताचा धावदोरा घालायचा आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. तो जरूर घाला, पण गोधडीत जुन्या साड्यांचे मऊ थर असतात आणि सुई त्यातून सहज जाते. इथे शिवणींच्या जागी कापडाचे चार-पाच थर येतात. म्हणून धावदोरा शिवणीवरून न नेता तिच्यापासून पाव इंच आत, पानाच्या कडेने फिरवा. दोरा ८ क्रमांकाचा पर्ल कॉटन, म्हणजे पिळाचा जाडसर सुती दोरा, घ्या आणि टाके थोडे मोठे, पण एकसारखे ठेवा. अस्तर चारही बाजूंना ४ इंच जास्त असू द्या, आणि धावदोरा सुरू करण्याआधी तिन्ही थर मधून कडेकडे कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या.

कडेच्या गोटासाठी परीघ २३४ इंच होतो. अडीच इंच रुंदीच्या पूर्ण पन्ह्याच्या सात पट्ट्या पुरतात. तुकड्यांचाच गोट करायचा असेल तर तो गडद ढिगातूनच करा, त्यात एकही फिका तुकडा येऊ देऊ नका, म्हणजे फिक्या पार्श्वभूमीला चारही बाजूंनी हद्द मिळेल. पहिली धुलाई गार पाण्यात, सुटा रंग शोषून घेणारे दोन-तीन कागद सोबत टाकून, सौम्य साबणाने करा. लोकर असल्याने मशीनचा वेग कमी ठेवा आणि ड्रायरऐवजी सपाट पसरून वाळवा.